दोन पुढारी, एक पगडी

शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली, 1664 साली आणि 1670 साली. त्यानंतर मराठी माणूस सुरतेत गाजला तो थेट 1907 च्या डिसेंबरात, काँग्रेसच्या अधिवेशनात. या खेपेला तिथून काही आणायचं सोडून तो स्वतःचा जोडा टाकून आला. पाठ्यपुस्तकात या प्रकाराला 'सुरतेची फूट' असं सभ्य नाव आहे. माझ्या भाचीला त्यावर कॉलेजच्या स्पर्धेसाठी 12 मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची होती. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला, तेव्हा सल्लागार मीच. मानधन एक वडापाव, चहा ज्याचा त्याने प्यायचा.

"मामा, भांडण नक्की कशावरून रे?" पहिल्याच बैठकीत तिने विचारलं. मी सुरू झालो. 1906 साली कलकत्त्याला दादाभाई नौरोजी अध्यक्ष असताना स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव झाले. मवाळ आता ते पातळ करणार, अशी जहालांना धास्ती. पुढचं अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं, पण तिथे जहालांचा जोर, म्हणून ते उचलून फिरोजशहा मेहतांचा शब्द चालेल अशा सुरतेला नेलं. जहालांना अध्यक्ष हवे होते लाला लजपतराय, मवाळांनी बसवले रासबिहारी घोष. पोरं मोबाइल बघत होती. शेवटी मी म्हटलं, टिळकांनी स्वागताध्यक्षांना चिठ्ठी पाठवली की मला बोलायचंय, आणि त्यांनी दादच दिली नाही.

"म्हणजे ब्लू टिक आली आणि रिप्लाय नाही!" एकजण ओरडला. सगळ्यांचे चेहरे उजळले. इतकी वर्षं फळ्यापुढे उभं राहून मला सुरतेची फूट एवढ्या थोडक्यात सांगता आली नव्हती.

टिळक व्हायला अख्खा वर्ग तयार होता. गोखले व्हायला कोणी नव्हतं. अखेर ज्याला चष्मा होता त्याला धरून गोखले केलं. टिळक झालेल्या मुलाने स्वराज्याची सुप्रसिद्ध घोषणा आरशासमोर घोटून आणली होती. ती सुरतेत नाही, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. "मग मी बोलू काय?" काहीच नाही. टिळक व्यासपीठावर चढले, हाताची घडी घातली आणि गोंगाटात ठाम उभे राहिले. "हिरोला डायलॉगच नाही?" नाही. रासबिहारींचं दुःख त्याहून मोठं, त्यांचं अध्यक्षीय भाषण तयार असून सुरू होता होताच बुडालं. त्या मुलाने मात्र भाषण पाठ केलं ते केलंच, आणि चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरा बंद असताना येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. फिरोजशहा मेहतांसाठी वय आणि पोट असलेला माणूस हवा होता. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

तापीकाठच्या मांडवात 1600 च्या वर प्रतिनिधी होते. आमच्याकडे 11 होते. ते कॅमेऱ्यासमोरून डावीकडून उजवीकडे धावत, मग मागून वळसा घालून टोपी बदलून पुन्हा डावीकडून येत.

खरा पेच पगडीचा झाला. भाड्याच्या कपड्यांच्या दुकानात गणपतीच्या दिवसांमुळे एकच पगडी उरली होती. टिळक आणि गोखले, दोघे रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघांनी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेलं. पण पगडी बिचाऱ्यांची वेगवेगळी होती. आम्ही टिळकांचे शॉट आधी घेतले, मग तीच पगडी गोखल्यांना घालून त्यांचे. दोघे समोरासमोर बोलताना एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचा नुसता खांदा. राजकीय मतभेद इतके विकोपाला गेलेले मी कुठल्याच पुस्तकात वाचले नव्हते.

मग जोडा. हेन्री नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार मांडवात हजर होता, त्याने सगळं लिहून ठेवलंय: तांबडं कातडं, पुढे टोक, तळाला शिसं, मराठी बनावटीचा. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागला आणि तिथून उडून फिरोजशहांवर आदळला. फेकला कोणी, हे गुलदस्त्यातच राहिलं, त्यामुळे आमचे 11 च्या 11 प्रतिनिधी आपणच तो, असा दावा करू लागले. कॉलेजच्या संघातल्या एका फिरकी गोलंदाजाची निवड झाली. सुरक्षेसाठी फोमचा जोडा केला, पण फोम उसळी घेईना. तो सुरेंद्रनाथांच्या दाढीला चिकटून बसे. चिडून गोलंदाजाने स्वतःची चप्पल काढली. तिने सुरेंद्रनाथांना वगळलं आणि ती थेट माझ्याकडे आली. तो शॉट 'खूप नैसर्गिक' म्हणून ठेवला आहे.

शेवटचा प्रसंग मी हट्टाने घालायला लावला होता. मांडवात खुर्च्या उगारून लोक टिळकांवर धावले, तेव्हा त्यांना वाचवायला दोन्ही हात पसरून मध्ये उभे राहिले ते गोखलेच. जोडा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक, हे हात कोणाला आठवत नाहीत. पण या शॉटला दोघे एकत्र हवेत आणि पगडी एक.

"गोखल्यांची गर्दीत पडली असं दाखवू," भाची म्हणाली.

"अशी नोंद नाही."

"पडली नाही अशी आहे का?"

निवृत्त शिक्षकाला हा प्रश्न विचारू नये. बोडक्या डोक्याचे गोखले हात पसरून उभे राहिले, मागे टिळक पगडीसकट, हाताची घडी तशीच. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या उगारलेले 11 जण एकदम गप्प झाले. त्या दिवसातला तो एकच शॉट पहिल्या फटक्यात ओके झाला.

संकलन झाल्यावर मी फिल्म पाहिली. जोड्याला स्लो मोशनमध्ये 40 सेकंद, गोखल्यांच्या हातांना 3. मी तक्रार केली नाही. पुण्याने तरी गोखल्यांना याहून मोठा वाटा कधी दिला?

स्पर्धेत आम्हाला वेशभूषेचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. त्या जोरावर पुढच्या वर्षी लखनौ करायचं घाटतंय, 1916 सालचं, जिथे जहाल आणि मवाळ पुन्हा एकत्र आले. फिरोजशहा मेहता 1915 च्या नोव्हेंबरात वारले, तेव्हा मला सुट्टी. गोखले त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गेले. पगडी एकच पुरेल.