बिनबोभाट पाहुणी

मुलाचा पुढचा दात पडला की घरात केवढा सोहळा होतो! दात कौलांवर फेकायचा की तुळशीत पुरायचा, यावर दोन्ही आज्यांची मतं घेतली जातात आणि बोळक्याचा फोटो मावशीपर्यंत पोहोचतो. जाणाऱ्याचं एवढं कौतुक चाललेलं असताना, साधारण त्याच सुमारास, जन्मभर मुक्कामाला आलेल्या पाहुणीला मात्र कोणी या-बसा म्हणत नाही. ही सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली कायमची दाढ. ती कोणाला ढकलून येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे निमूट उगवते. काही पडलं नाही, म्हणजे काही आलंही नाही, असा आपला हिशेब. मग तिलाही दुधाच्या वीस दातांत धरून ‘पडेल की’ म्हणत सोडून दिलं जातं. कानामागून येऊन ती तिखट होत नाही, किडते.

किडायला तिची रचनाच सोयीची. माथ्यावर खोल खाचा, त्यांत बिस्किटाचा चिकट लगदा. शिवाय उगवताना ती शेजारणीपेक्षा बुटकी, म्हणून मुलाचा ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. झोपेत लाळ कमी सुटते, तेव्हा रात्री अडकलेल्या कणांना धुऊन काढायलाही कोणी नसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सात-आठ वर्षांपर्यंत निदान रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या हातात असावा. यावर ‘मुलांनी स्वावलंबी व्हायला नको का?’ असा सवाल येतो. तो करणारे पालक रात्री अकरा वाजता मुलाचा थर्माकोलचा रायगड स्वतः कापत बसलेले असतात! ज्या हाताला ‘क्ष’ धड काढता येत नाही, त्याला दाढेची मागची बाजू कशी साधावी?

दुधाचे दात पडणारच, मग कशाला जपायचे, हा दुसरा आक्षेप. पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात आणि मागून येणाऱ्यांसाठी जागा धरून ठेवतात. एसटीत खिडकीतून टाकलेल्या रुमालासारख्या. रुमाल लवकर उडाला की पुढे वाकड्यातिकड्या दातांची चेंगराचेंगरी. तिसरा आक्षेप आजोबांचा: ‘आम्ही राखुंडीने दात घासले आणि साठीत ऊस सोलला.’ ज्यांचे दात तेव्हा उरले नव्हते, ते अर्थातच हा किस्सा सांगत नाहीत. शिवाय आजोबांच्या लहानपणी लाडू डब्यात कुलूपबंद असायचा. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते निवळायला अर्धा तास सहज लागतो. स्वीडनमध्ये १९४०च्या दशकात बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो क्रूरच म्हणायचा. त्यातून दिसलं ते हेच, की साखर किती खाल्ली यापेक्षा ती चिकट रूपात, जेवणांच्या मधे, कितीदा खाल्ली हे दातांना भोवतं. म्हणजे जेवणासोबतची जिलबी परवडली. दिवसभर पुरवून खाल्लेलं क्रीमचं बिस्किट नाही.

तेव्हा आज रात्री मोबाइलचा टॉर्च लावा, पोराला ‘आ’ करायला सांगा आणि खालच्या ओळीत पार मागे बघा. पाहुणी कदाचित येऊन बसलीही असेल.