दीड मजल्याचा दांडा

खारघरात गोल्फच्या काठ्यांची पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला वॉचमन उठून सलाम करतो. लांब दांड्याची मासे उचलायची जाळी घेऊन निघालेल्याला तोच वॉचमन विचारतो, "साहेब, बोंबील कसे दिले?" वास्तविक दोघंही सकाळभर उन्हात तिष्ठून हात हलवतच परतायचे असतात.

पण धक्क्यावरून गरवायचं तर जाळी हवीच. जिताडा पाण्यात असतो तोवर त्याचा भार पाणी सोसतं. वर उचलला की सगळं वजन दोऱ्यावर, शिवाय त्याचे हिसके. अशा वेळी दोरा टिकला तर गळ निसटतो, गळ टिकला तर दोरा तुटतो. होडीतला माणूस वाकून मासा आत घेतो. धक्क्यावरचा कितीही वाकला तरी खाडीतच जाणार.

दांडा किती लांब घ्यायचा हे मात्र मासा ठरवत नाही, चंद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पाण्यात साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो. बेलापूरजवळच्या दिवाळ्याच्या धक्क्याला दुपारी टेकलेलं पाणी संध्याकाळी दीड मजला उतरलेलं असतं. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, हा फरक कितीतरी कमी. तेव्हा 3 मीटरचा दांडा अष्टमीला शहाणा आणि पौर्णिमेला बावळट ठरतो. मुहूर्त काढून घ्यावी अशी ही खरेदी आहे.

गुहागरच्या मामांना हा खर्च मुळीच पटला नाही. "आंबे काढायचा झेला आहे ना घरात? त्यालाही दांडा, त्यालाही जाळी!" दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला खरंच हुशार अवजार आहे. पण त्याला देठ कापायचं पातं असतं. त्यानं जिताडा काढायला गेलो, तर आधी माझाच दोरा कापला जाईल आणि मासा देठासकट उरणला पोचेल.

अखंड 5 मीटरचा दांडा लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा घ्यायचा. ॲल्युमिनियम स्वस्त, पण खारं पाणी त्याच्या सांध्यांशी वैर धरतं. परतल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचा, नळाला पाणी असेल तर. कार्बनचा दांडा हलका. त्याची किंमत ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात वर्षभर सुरमई घरपोच येईल." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून कार्बनचाच घेतला.

कडं अर्ध्या मीटरहून रुंद असावं आणि जाळी रबरी. बारीक नायलॉनमध्ये गळ अडकतात. शिंगाळ्याचे काटे अडकले, तर त्याला सोडवण्यात अख्खी भरती निघून जाते. शिवाय ते काटे विषारी. रबर जड असतं आणि पाण्याच्या ओढीला भरकटतं, पण बोटं शाबूत राहतात. जाळी माशामागे पळवायची नाही. ती पाण्यात धरून थांबायचं आणि दमलेला मासा डोक्याकडून तिच्यात आणायचा. मग दांडा उभा ठेवूनच हातावर हात घेत वर ओढायचा. आडवा उचललात की कार्बन कडकन बोलतो.

धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी हे सगळं वैभव निरखलं आणि विचारलं, "आरं भावा, येवरा मोठा बांबू कनाला?" ते स्वतः पाग टाकून बोई काढत होते.

जिताडा अजून यायचाय. पण खालच्या मजल्यांच्या छज्ज्यांवर पडलेले कपडे काढायला दीड मजल्याचा दांडा अगदी मापात बसतो, हे सोसायटीला कळलं आहे. वरच्या वहिनी आता आधी फोन करतात, "भावजी, जाळी घरी आहे की खाडीवर?" उधाणाच्या दिवशी मी त्यांचा टॉवेल काढून देऊन मगच दिवाळ्याला निघतो. टॉवेल हिसके देत नाही.