पाऊण तासाला पाऊण तास

‘रेकॉर्ड संगणकावर घेणार’ असे घरातल्या कर्त्या पुरुषाने जाहीर केले की दोन प्रश्न उठतात. पहिला, खर्च किती? दुसरा, मग ते कपाट रिकामे होणार का? पहिल्याचे उत्तर तो उत्साहाने देतो. दुसऱ्याच्या वेळी त्याला नेमके ऐकू येत नाही.

खर्चाबाबत तो खोटे बोलत नाही. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळते आहे. लॅपटॉप घरात आहे, टर्नटेबल माळ्यावर आहे. मधली वायर तेवढी आणायची. सगळा घात त्या वायरीतच असतो. गृहस्थ ती टर्नटेबलमधून काढून थेट लॅपटॉपच्या भोकात खुपसतात. हल्लीच्या लॅपटॉपला भोक एकच, हेडफोन आणि माइकच्या समाईक मालकीचे. माइकला डावे-उजवे कळत नाही, त्यामुळे स्टिरिओ रेकॉर्ड आत शिरताच मोनो होते. वर आवाजही किरटा येतो. रेकॉर्ड कापतानाच मंद्रातले स्वर दबवलेले आणि तारातले चढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या रुंद हेलकाव्याने एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. वाजवताना हा व्यवहार उलटा फिरवायचे काम फोनो प्रीअँपचे. तो नसला तर भीमसेन जोशी समोरच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर गात असल्यासारखे वाटतात.

यावर स्वस्त तोड म्हणजे प्रीअँप पोटात असलेली छोटी यूएसबी डबी. बेहरिंजरची यूएफओ-२०२ ही त्यातलीच. टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार लावायला तिला जागा असते. ती तार न जोडता बसलेल्या माणसाच्या प्रत्येक रागाला ५० हर्ट्झची गुणगुण तानपुऱ्यासारखी साथ करते, आणि ती कधीच सुरात नसते. सुटकेसच्या आकाराच्या जुन्या प्लेअरमध्ये मात्र बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते. त्याचा आउटपुट दणकट, त्याला प्रीअँप लागत नाही.

मग घरात संचारबंदी लागू होते. गाणे वायरीतून जाते, हवेतून नव्हे, त्यामुळे कोणी बोलले तरी रेकॉर्डिंगमध्ये काही उतरत नाही. पण हे गृहस्थांना पटत नाही. बंदी घालायचीच तर ती चालण्यावर घालावी. फरशीवरची दाणदाण टेबलातून सुईपर्यंत पोचते. आणि स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की त्याची करकर विजेच्या लाइनमधून येऊ शकते. चटणी पाट्यावर वाटावी, असा प्रस्ताव एकदाच मांडला जातो.

खरा खर्च पुढे आहे. पाऊण तासाची एलपी उतरवायला पाऊण तासच लागतो. घाई तिला चालत नाही. शंभर एलपी म्हणजे ७५ तास, तेही कुठे सुई अडकली नाही तर. जागेचे म्हणाल तर सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण मिनिटाला साधारण १० एमबी घेते. ते फ्लॅकमध्ये दाबले की निम्म्यावर येते, आणि अख्खे कपाट एका पेनड्राइव्हवर मावते. कपाट तरीही हलत नाही.

उतरवून झाले की साफसफाईची खुमखुमी येते. खरखर कमी करायचे बटण जोरात दाबले की गायक विहिरीत उतरतो. टकटक काढणारे बटण त्याहून धोक्याचे. एकदम उठणारा कोणताही टणत्कार म्हणजे चरा, अशी त्याची समजूत असल्याने ते जास्त ताणले तर तबल्याची चाटही बोथट होते. थोडी खरखर राहू द्यावी हेच शहाणपणाचे. आवाजाची पातळी मात्र आधीच उणे ६ डेसिबलच्या आत ठेवावी. शिखरे एकदा कापली गेली की ती परत आणायला कुठलेही बटण नाही.

७८च्या तबकड्यांचा थाट वेगळा. त्यांना एलपीपेक्षा तीन-चारपट रुंद सुई लागते, आणि स्वस्तातल्या बहुतेक टर्नटेबलवर ७८चा वेगच नसतो. तबकडी ४५वर वाजवून घ्यावी. ऑडॅसिटीत ४५चे ७८ करायची सोय आहे. ती सोय वापरेपर्यंत बालगंधर्वांच्या रुक्मिणीला मिशा फुटलेल्या असतात. शेवटची शांतता डोळे मिटून छाटू नये. १९०२ साली कोलकात्यात फ्रेड गायझबर्गने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या गाणे संपल्यावर इंग्रजीत आपले नाव सांगत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि लेबल लावणाऱ्यांना गाणारी कोण हे कळायला हवे होते. अशा तबकडीचा शेवट उडवला तर गाणे राहते आणि गाणारीची सही जाते.

लताबाईंची गाजलेली चित्रपटगीते मोबाइलवर कधीचीच आली आहेत. त्यांच्यावर पाऊण-पाऊण तास घालवू नका. मोबाइलवर नाव टाकून जे सापडत नाही, एखादे विसरलेले नाट्यपद किंवा कीर्तन, ते आधी उतरवा. ७८ची तबकडी पुसायला पाण्यात किंचित ओलवून घट्ट पिळलेले मऊ फडके पुरते. स्पिरिट लावू नका. ती लाखेची असते, आणि चपडा लाख स्पिरिटमध्ये कशी विरघळते हे पॉलिश करणारा कुठलाही सुतार सांगेल.