अपडाऊन आणि अपलोड

गुरुजींचा वेळ वाचावा म्हणून जगात जेवढी ऑनलाइन साधनं निघाली, तेवढी सगळी वापरायला बसलं तर शाळेत जायला सवड मिळायची नाही. हे माझं एकट्याचं मत नाही, बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या सकाळच्या पॅसेंजरमधल्या अख्ख्या डब्याचं आहे. त्यात आम्ही जिल्हा परिषदेचे अपडाऊनवाले बसतो. (मुख्यालयी राहण्याबद्दल इथं कोणी विचारू नये. ग्रामसभेचा ठराव फायलीत लावलेला आहे.) कुरूमपर्यंत महागाई भत्त्याची चर्चा होते, माना आलं की मोबाइल निघतात आणि मूर्तिजापूरपर्यंत सगळा डबा 'माहिती' भरतो. मधेच रेंज जाते. "काऊन बापा, तुह्यंही फिरूनच रायलं का?" एवढीच शोकसभा होते.

या माहितीचा महापूर तसा 2015 पासूनचा. त्या वर्षी 'सरल' आलं आणि कपाटातली रजिस्टरं संगणकात गेली. कपाटातून मात्र ती हलली नाहीत, कारण तपासणीला येणारे साहेब अजून रजिस्टरच मागतात. त्याच्या जोडीला पगाराला शालार्थ, शाळेच्या भिंती-संडास मोजायला यू-डायस प्लस, पोरांना अपार आयडी. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150, ही खिचडीची नोंद रोजची. शिवाय व्हॉट्सॲपवर दुपारी लिंक येते: 'अति तातडीचे. आज 5 वाजेपर्यंत. माहिती निरंक असल्यास निरंक कळवावे.' काहीच घडलं नाही, हे कळवण्यात आमचा जेवढा वेळ जातो, तेवढ्यात काहीतरी घडवता आलं असतं.

तरी मी या साधनांचा वैरी नाही. गुगल फॉर्मवर चाचणी घेतली की ती स्वतःच तपासून गुण मांडते. नॉर्वेतून आलेला कहूत नावाचा खेळ लावला की जे पोट्टे एरवी खिडकीतून कपाशी पाहत असतात, ते बाकावर उभे राहून उत्तरं ओरडतात. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोडही आपल्याच माणसाच्या डोक्यातून निघाले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते आधी स्वतःच्या शाळेत वापरले. 2020 मध्ये त्यांना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी 9 जणांना वाटून टाकली. हे ऐकून डब्यात बराच वेळ कोणी बोललं नाही. रुपयांत किती होतात, याचा हिशेब चालू होता.

माझ्या वर्गात क्यूआर कोड उघडायला मोबाइल एकच, तोही माझा. हृदयाचे चार कप्पे पडद्यावर उघडतात, पोरं डोकी खुपसून बघतात आणि तिसऱ्या कप्प्यावर घरचा निरोप झळकतो: 'येताना सांबार आनजा.' सगळा वर्ग एका सुरात वाचतो. वाचनाची ही प्रगती मी अजून कुठल्याच पोर्टलवर भरलेली नाही.

खरा चमत्कार वर्णनात्मक नोंदींत झाला. 2010 पासून मूल्यमापन सातत्यपूर्ण आणि सर्वंकष झालं, तेव्हापासून प्रत्येक पोराबद्दल काहीतरी वेगळं लिहावं लागतं. आधी आम्ही एकमेकांचं उतरवायचो, त्यामुळे अख्ख्या तालुक्यातली पोरं 'कविता तालासुरात' म्हणायची. आता चॅटजीपीटी आलं. त्यानं दुसरीतल्या एका कारट्याबद्दल लिहिलं, 'उपजत नेतृत्वगुण असून समवयस्कांना नव्या वाटा दाखवतो.' वाट दाखवतो हे खरं, पाटलाच्या संत्र्याच्या बागेची. बापानं प्रगतिपुस्तक वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हळूच विचारलं, "गुरुजी, हा आमचाच हाय ना?"

पण आमच्या केंद्रातलं सगळ्यात उपयोगी साधन कुठल्याही दुकानात मिळत नाही. तो बाजूच्या शाळेतला तरणा गुरुजी आहे. एक्सेलमध्ये तो असं काही सूत्र टाकतो की वर्षाचा निकाल चहा निवायच्या आत तयार. केंद्रातल्या सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या वहीत आहेत. बँकवाले सांगतात, ओटीपी कोणाला देऊ नका. आमचे लोक तो थेट केंद्राच्या ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, 'सर, लवकर, दहा मिनिटंच हाय.' ऑनलाइन साधनांनी आमचा वेळ वाचवला, यात खोटं नाही. तो सगळा त्याच्या खात्यातून वजा झाला. त्याच्या लग्नात अक्षता पडल्यावर पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांनी आहेराचं पाकीट देतानाच विचारलं होतं, "तेवढं यू-डायस फायनल केलं का?"

आता बदल्याही ऑनलाइन झाल्या. सगळ्यांचे पसंतीक्रम अर्थातच तोच भरतो. परवा गाडीतच माझा फॉर्म उघडून त्यानं विचारलं, "सर, पहिली शाळा कोणती टाकू?"

मी म्हटलं, "तू कोणती टाकून रायला, थे पयले सांग. मले त्याच्याच बाजूची टाक."

बोरगावपर्यंत डब्यातल्या आणखी चौघांनी तेच सांगितलं.