त्रयोदशी आणि मेल-सर्व्हर

मेल-सर्व्हरवरील कॅलेंडरमध्ये एखादी नोंद एकदाच करावी आणि ती दर सोमवारी, दरमहा किंवा दरवर्षी आपोआप उगवावी, अशी जी सोय असते तिला पुनरावर्ती नोंद म्हणतात. मूळ नोंद, ती पुन्हा कधी यावी हे सांगणारा नियम आणि त्या नियमाला वेळोवेळी केलेले अपवाद, असे तिचे तीन घटक असून त्यांचा परस्परांशी मेळ बसेनासा झाला की सर्व्हर आपल्या लॉगमध्ये, म्हणजे रोजनिशीत, विसंगती आढळल्याचा इशारा लिहितो, दुरुस्ती चालू असल्याचे आश्वासन देतो आणि दुसऱ्या रात्री तोच इशारा व तेच आश्वासन पुन्हा लिहितो. ही रोजनिशी वाचणाऱ्या कर्मचाऱ्यास ॲडमिन म्हणतात. जो मजकूर दुसरे कोणीही वाचत नाही तो खास आपल्यालाच उद्देशून लिहिलेला आहे, या समजुतीतून या वर्गास एक प्रकारची प्रतिष्ठा लाभते आणि ती लपवण्याची त्याची प्रवृत्ती नसते. प्रस्तुत लेखक याच वर्गातील असल्यामुळे पुढील विवेचनात थोडा पक्षपात संभवतो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतून ज्या कचेऱ्या मालमोटारी सोडतात, त्यांच्या कॅलेंडरात गर्दीचे दिवस आधीच नोंदवून ठेवावे लागतात. त्यांपैकी २० मार्चची नोंद आदर्श म्हणावी लागेल. १९२७ साली त्या तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले; तेव्हापासून तो दिवस तारखेनेच पाळला जातो, शहरात येणारा जनसमुदाय तारखेनेच येतो आणि सर्व्हरलाही त्याबद्दल कधी शंका येत नाही. इशारे येतात ते रायगडावरील राज्याभिषेक सोहळ्याच्या नोंदीबद्दल, कारण तो सोहळा वर्षातून दोनदा होतो, एकदा ६ जूनला आणि एकदा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, आणि दोन्ही वेळा महाडहून गडाच्या पायथ्याच्या पाचाडकडे वळणारी वाहने महामार्गाच्या नाक्यावर सारख्याच निष्ठेने खोळंबतात.

येथे थोडे विषयांतर अपरिहार्य आहे. निदान प्रस्तुत लेखकास ते तसे वाटते. राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस झाला, हे निर्विवाद आहे. त्या दिवसाची ६ जून १६७४ ही जी तारीख सांगितली जाते ती मात्र ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय कालगणनेतील आहे. सोहळ्यास हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हीच कालगणना वापरत असे, कारण इंग्लंडने आजची ग्रेगोरियन कालगणना १७५२ साली स्वीकारली आणि सतराव्या शतकात या दोहोंत १० दिवसांचे अंतर होते. याचा अर्थ असा की आजच्या कॅलेंडरानुसार तो दिवस १६ जूनचा ठरतो, आणि त्या दिवसाची चंद्राची कला मांडून पाहिल्यास त्रयोदशीही नेमकी तेथेच येते. म्हणजे ज्या तारखेला गर्दी होते तो मूळ दिवस नव्हे आणि आजच्या हिशेबाने जी तारीख मूळ दिवसाची ठरते त्या तारखेला नाका मोकळा असतो. हे सर्व प्रस्तुत लेखकाने एका सविस्तर परिपत्रकाद्वारे आपल्या कचेरीस कळवले असता त्यावर एकच उत्तर आले: ‘मग गाड्या कधी सोडायच्या?’ संशोधनाची कदर करण्याची ही रीत नव्हे, हे येथे नोंदवून मूळ विषयाकडे वळणे इष्ट.

तिथीचा सोहळा दरवर्षी वेगळ्या तारखेला येत असल्याने कोणीतरी ‘दरवर्षी ६ जून’ या नियमालाच अपवाद जोडत जातो. प्रत्येक अपवाद आपल्या मूळ तारखेने ओळखला जातो. त्यामुळे पुढे कोणी नियमाची तारीखच बदलली की जुने अपवाद पोरके होतात आणि सर्व्हर रात्रभर त्यांचे पालक शोधत बसतो. त्यात संपूर्ण दिवसाची नोंद मध्यरात्रीपासून सुरू होते आणि सर्व्हर जागतिक वेळेवर लावलेला असेल तर भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असल्याने ती आदल्या दिवशीच्या १८.३० पासूनच दिसू लागते, म्हणजे एक सोहळा दोन दिवस अडवतो. आरएफसी ५५४५ या २००९ च्या आंतरराष्ट्रीय मानकात असे नियम लिहिण्याची पद्धत दिलेली आहे, तर २०१५ च्या आरएफसी ७५२९ मध्ये चिनी, हिब्रू यांसारख्या कालगणनांचा व अधिक महिन्यांचाही विचार केलेला आहे. ते मानक वाचताना आता कचेरीच्या पोलादपूर शाखेलाही आपले महत्त्व पटणार, असा प्रस्तुत लेखकाचा विश्वास होता. तिथी मात्र त्यात बसत नाही. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, सूर्योदयाला जी तिथी असेल ती दिवसाला मिळते, आणि म्हणून एखादी तिथी लोपते तर एखादी दोन दिवस राहते. २०२६ साली तर ६ जून अधिक ज्येष्ठात पडतो आणि सोहळ्याची त्रयोदशी निज ज्येष्ठात, जूनच्या अखेरीस येते.

सर्व्हरला तिथी कळत नाही ही तक्रार केवळ पांडित्याची नाही. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर व महाडवरून वाहणारी सावित्री बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असेल तर पुराचे पाणी ओसरायला वाट राहत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील १९२८ सालचा पूल वाहनांसह वाहून गेला तेव्हा आषाढी अमावास्या होती. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती आणि खाली महाड पाण्यात होते. २००५ च्या जुलैतही दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या होत्या. दरडीला अमावास्या लागत नाही आणि तिला कोणताही पुनरावृत्तीचा नियम नाही. नियम आहे तो केवळ इशाऱ्याला. पावसाळा जवळ आला की डोंगराखालच्या वाड्यांना सावध राहण्याच्या, प्रसंगी घर सोडण्याच्या नोटिसा जातात. घर सोडून, गुरे घेऊन नेमके कोठे जायचे आणि किती दिवस, हा रकाना मात्र बहुधा कोराच असतो. असा इशारा वर्षानुवर्षे येत राहिला तर माणसे त्याचे तेच करतात जे कचेरीतील सर्व लोक पडद्यावरील आठवणीचे करतात, म्हणजे ‘नंतर पाहू’ हे बटण दाबतात. आणि याचा दोष बटण दाबणाऱ्याला देणे अत्यंत सोपे असल्यामुळे तो त्यालाच दिला जातो.

राज्याभिषेकाच्या नोंदीवर अखेर जो उपाय झाला त्यात आंतरराष्ट्रीय मानकाचा काहीही वाटा नव्हता. नियम काढून टाकला, पोरके अपवाद पुसले, आणि पंचांगात पाहून त्या वर्षाच्या दोन सुट्या नोंदी हाताने केल्या. कोणा अधिकाऱ्याच्या फोनमध्ये जुनी नोंद शिल्लक होती, तिने जोडणी होताच सर्व्हरवर पुनरागमन केले. तीही पुसल्यावर रोजनिशी स्वच्छ झाली. इशारे थांबल्याचे कचेरीत कोणाच्याही लक्षात आले नाही, आणि या उपेक्षेचा उल्लेख प्रस्तुत लेखकाने वार्षिक अहवालात तीन ठिकाणी केला आहे. सुट्या नोंदी दरवर्षी नव्याने कराव्या लागणार, हे काम विसरले जाऊ नये म्हणून नवे पंचांग सुरू होते त्या दिवशी, म्हणजे गुढीपाडव्याला, स्वतःला आठवण देणारी एक पुनरावर्ती नोंद करण्याचे त्याने ठरवले. सर्व्हरने तारीख विचारली.