अवघड जागेची गाठ: नव्या डॉक्टरांसाठी सोपी पद्धत

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण ज्यानं केली, त्याला आटपाडी-दहिवडीला नुकता दवाखाना टाकलेला डॉक्टर ठाऊक नसावा. तुम्ही कराडच्या नाहीतर मिरजेच्या कॉलेजातून बाहेर पडला आहात. योनिमुखावर घामाच्या, तेलाच्या ग्रंथींपासून आणि केसांच्या मुळांपासून दुर्मिळ गाठी होतात, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. आता त्या चुकवायच्या कशा, ते शिका.

बाई म्हणेल, "खाली खाजतंय." तुम्ही विचारा, "अंगावरून जातंय का?" उत्तर काहीही येवो, तपासणीच्या टेबलावर औषधांचे खोके रचलेत, ते हलवू नका. मेडिकलवाल्यानं बुरशी, जंतू आणि स्टिरॉइड असं तिन्ही घातलेलं मलम आधीच दिलेलं असतं. तुम्ही फक्त कंपनी बदला. खाज उतरते, बाई दुवा देते.

पाळी गेलेल्या बाईच्या लाल, ओलसर चट्ट्याला तर इसबच म्हणा. जेम्स पेजेटनं 1874 मध्ये स्तनाग्रावरचा असाच चट्टा नोंदवला, त्याच्या मुळाशी कॅन्सर होता. योनिमुखावरचा तसला चट्टा फ्रान्समधल्या दुब्रयनं 1901 मध्ये दाखवला. तेव्हापासून सांगणं एकच आहे: मलमानं न जाणाऱ्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासा. पण एवढी घाई कशाला? आणखी एक ट्यूब लिहून द्या.

गाठ दिसलीच तर 'बार्थोलिनचं गळू' म्हणा आणि चीर द्या. बार्थोलिनची ग्रंथी योनीच्या तोंडाशी, खालच्या बाजूला असते आणि ही गाठ वर, दोन ओठांमधल्या खाचेत आहे, असले बारकावे पाहू नका. ती हायड्रॅडिनोमा पॅपिलिफेरम असू शकते: एकटी, छोटी, बहुधा न दुखणारी, वर्षानुवर्षं तिथंच. वरची कातडी फुटून लाल मांस दिसलं की घरचे कॅन्सर म्हणून रडायला लागतात. सूक्ष्मदर्शकाखालीही फांद्याच फांद्या दिसतात आणि अननुभवी डोळा फसतो. फांद्यांवर पेशींचे दोन थर नीट सापडले, की गाठ साधी निघते आणि पूर्ण काढली की प्रकरण मिटतं. हे मला फार आवडतं. एवढी भीती आणि निकाल दोन थरांवर.

दोन्ही बाजूंना कातडीच्याच रंगाच्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर त्या सिरिंगोमा असतील. अशाच पुटकुळ्या पुष्कळदा खालच्या पापण्यांवरही असतात, तिकडे मात्र बघू नका. त्यासाठी पदरही बाजूला करावा लागत नाही, तरी नकोच.

तुकडा काढलाच तर सलाइनमध्ये बुडवा. 10 टक्के फॉर्मालिन, तेही तुकड्याच्या दहापट, म्हणजे उधळपट्टी. फॉर्मवर 'गाठ' एवढंच लिहा. वय, जागा, किती वर्षांची, काही नको. बाटली बाईच्या दिराच्या हाती द्या आणि मिरजेची एसटी दाखवा. 1894 मध्ये विल्यम वानलेसनं हॉस्पिटल उभारलेल्या त्या गावात कुणीतरी ओळखेलच.

तिसऱ्या दिवशी पॅथॉलॉजिस्टबाईंचा फोन येईल: "गाठ डावीकडची की उजवीकडची?" तुम्ही म्हणा, "थांबा हं मॅडम, सिस्टरांना विचारतो."