गाळलेला ळ

हौशी गीतकाराला संगीतकार नको असतो, होयबा हवा असतो. सुनो, यूडिओ ही गाणी बनवणारी एआय यंत्रं बहुधा आमच्यासाठीच जन्माला आली. चार ओळी घालायच्या, 'भावगीत, बासरी, संथ लय' असं सांगायचं, की थोड्याच वेळात गाणं हजर. चहा पाजावा लागत नाही आणि 'दुसरं कडवं पडतंय हो' हे ऐकावं लागत नाही. माझी प्रतिभा केवळ संगीतकारांमुळे अडून राहिली आहे, अशी माझी ठाम समजूत होती. आता अडवणारं कुणीच नाही आणि गाणी तरीही सुमार होतात, तेव्हा दोष कुणाच्या माथी मारावा एवढाच प्रश्न आहे.

तयार चालीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. 1882च्या 'सौभद्र'पासून आपली नाटकं उसन्या चालींवर पोसली गेली. झटपट कामालाही हसू नये. 1955 साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा गदिमा आणि बाबूजींना दर आठवड्याला नवं गाणं द्यायचं होतं. अशी 56 झाली. माझी तक्रार वेगळीच आहे, ती ळची.

नाशिकजवळच्या एकलहऱ्यावर गाणं लिहायचं तर कोळसा टाळता येत नाही. औष्णिक वीजकेंद्राचं गाव आहे ते. यंत्र 'कोलसा' गातं. गावाचं नावही हिंदी वळणाने 'एक लहर' करून टाकतं, म्हणजे चिमणीच्या जागी समुद्र. 'चटणी'तला च ते 'चंद्रा'तल्या चसारखा म्हणतं, तेवढं मी सोडून देतो, कारण तो फरक आपली लिपीही दाखवत नाही. पण ळला स्वतःचं अक्षर आहे! ते गाळल्यावर काय होतं, हे नाशिककरांना सांगायला नको. शेजारच्या देवळालीचं गोऱ्या सोल्जरांनी 'डिओलाली' केलं. तिथल्या छावणीत मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहून ते इतके कंटाळत की 'डूलॅली' हा वेड लागल्याचा शब्दच इंग्रजीत रुजला. शास्त्रीय पुरावा मजजवळ नाही, पण ळ नीट म्हटला असता तर ही वेळ आली नसती असं माझं मत आहे.

यंत्र शिकेल, उद्या ळही म्हणेल, असं कुणी म्हणेल. म्हणेलच. पण तोवर आम्ही काय करतो ते पाहा. 'आभाळ' खोडून 'गगन' लिहितो, 'डोळे' काढून 'नयन' बसवतो. संगीतकाराने एक काना बदलायला सांगितला तर आठवडाभर अबोला धरणारे आम्ही, इथे अख्खी ओळ मुकाट बदलतो. बरं, संगीतकार शब्द बदलायला सांगतो तेव्हा कारण देतो, भांडतो आणि त्या भांडणातून कधीकधी बरा शब्द सापडतो. यंत्र कारण देत नाही, कारण त्याने काही मागितलेलंच नसतं. वाकतो ते आम्हीच. अंगाईचं काय करायचं? तिच्यात बाळ आहे, पाळणा आहे, जावळ आहे. हे तिन्ही शब्द काढल्यावर जे उरेल ते ऐकून कुठलंही मूल झोपणार नाही, आणि झोपलंच तर ते कुठल्या भाषेत जागं होईल, याची मला खरोखर धास्ती वाटते.

म्हणून गीतकार मित्रांनो, यंत्र वापरा, पण ओळ बदलू नका. चुकीचं गाऊ दे त्याला. एकलहऱ्यात 210 मेगावॉटचे तीन संच आहेत. कोलशावर त्यांतला एकही चालत नाही.